कंप्रेसर आधी की शेवटी? ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याच्या पेडलांची रांग

अमळनेरच्या एका गिटारवाल्या भावाचा प्रश्न आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, अहिराणी आणि हिंदी दोन्ही. जवळ पायाने चालवायची पाच पेडलं आहेत: वाह (पायाने सूर नाकातून काढल्यासारखा करणारा), ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारे), कोरस (आवाज जाड करणारा) आणि डिले (पडसाद देणारा). आता एक कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) घेतलाय. ‘शेवटी लावला की सगळा आवाज एकसारखा होतो’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तो सगळ्यांच्या मागे, थेट मिक्सरच्या तोंडाशी जोडला. आता तीन तक्रारी आहेत. दोन गाण्यांच्या मध्ये हात थांबला की सूंऽऽ आवाज वर चढत जातो. डिलेचे पडसाद विरतच नाहीत. आणि सोलोला ओव्हरड्राइव्ह दाबला तरी गिटार पुढे येत नाही. पेडल परत करू की सगळं विकून प्रोसेसर (सगळे इफेक्ट एकाच डब्यात असलेला) घेऊ, असं विचारलंय.

भाऊ, पेडल परत करू नका, त्यात खराबी नाही. तिन्ही तक्रारी एकाच कारणाने आहेत, आणि ते कारण पेडलात नसून पेडलाच्या जागेत आहे.

कंप्रेसरला चाल कळत नाही, ताल कळत नाही, सोलो सुरू झाला की संपला हेही कळत नाही. त्याला कळतो तो फक्त समोर आलेल्या सिग्नलचा जोर. केळीच्या बागेत दाब जुळवून घेणारे ड्रिपर असतात ना, नळीच्या तोंडाशी दाब जास्त आणि टोकाला कमी असला तरी प्रत्येक झाडाला सारखंच पाणी देणारे, तसंच हे काम. ठरलेल्या पातळीच्या वर गेलेला सिग्नल तो दाबतो आणि मग सगळ्यालाच उचलून वर आणतो. चारास एक असं प्रमाण असेल तर पातळीच्या चार डेसिबल वर गेलेला सूर बाहेर एकच डेसिबल वर दिसतो. जमिनीवर ठेवायच्या बऱ्याच पेडलांवर हे प्रमाण बदलायचं बटणच नसतं. ‘सस्टेन’ नावाचा एक नॉब असतो, तो उजवीकडे नेला की दाबणं आणि उचलणं दोन्ही एकदम वाढतं.

आता हे तुमच्या रांगेला लावून बघा. ओव्हरड्राइव्हचा लेव्हल वाढवून सोलोला सहा डेसिबल जास्त दिलेत. पुढे चारास एकवाला कंप्रेसर बसलाय. त्या सहातले बाहेर पडले दीड. दीड डेसिबलचा फरक ढोल, ऑक्टापॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत कुणाच्या कानाला कळणार? तुमच्या पायाने दाबलेलं पेडल शेवटचा कंप्रेसर इमानेइतबारे पुसून टाकतोय. त्याला त्याच कामाला ठेवलंय.

डिलेचंही तेच. डिलेचा पहिला पडसाद मोठा, दुसरा लहान, तिसरा त्याहून लहान, असं ते विरत जातं. कंप्रेसरला दिसतं की सिग्नल लहान होतोय, म्हणून तो दाब सोडतो आणि उचलायला लागतो. विरणारा पडसाद विरायच्या ऐवजी जागेवरच घुटमळतो. पुढचा सूर वाजवलात की कंप्रेसर परत दाबतो आणि मागचे पडसाद एकदम बुडतात. त्यामुळे डिले धापा टाकतोय असं वाटतं. पंखा एकच असलेल्या खोलीत घरी वाजवताना हे लक्षात येत नाही, हॉलमध्ये येतं.

सूंऽऽ तर निव्वळ हिशेब आहे. हिरव्या ट्यूब स्क्रीमर जातीच्या ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह पूर्ण फिरवला की लहान सिग्नल तो शंभरपटीहून जास्त मोठा करतो, म्हणजे साधारण ४१ डेसिबल. वाजवत असताना पेडलातले डायोड तो कापून मर्यादेत ठेवतात. पण हात थांबला की पिकअपची (तारांखाली बसवलेल्या, सूर टिपणाऱ्या चुंबकाची) घूं, केबलची खरखर, आधीच्या पेडलांची हिस, सगळं त्या पटीने वाढून बाहेर येतं. त्याच्या मागे कंप्रेसर असला की त्याला वाटतं गिटारवाला फार हळू वाजवतोय, आणि तो ते आणखी २० डेसिबल उचलतो. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट. कुठलंही महागडं पेडल आणलंत तरी त्या जागी हेच करेल.

शिवाय डिस्टॉर्शन स्वतःच एक कंप्रेसर आहे. डायोडने सिग्नलचे शेंडे छाटले की जोरात वाजवलेला आणि हळू वाजवलेला सूर जवळजवळ एकाच उंचीचे होतात. मग मागे बसलेल्या कंप्रेसरला दाबायला उरतंच काय? उरते फक्त हिस, आणि ती तो मनापासून उचलतो.

म्हणून तुमच्यासाठी रांग अशी लावा: गिटार, मग कंप्रेसर, मग वाह, मग ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, आणि तिथून मिक्सर. ट्यूनर असेल तर तो कंप्रेसरच्याही आधी. कंप्रेसरने फक्त तुमची बोटं ऐकली पाहिजेत, बाकीच्या डब्यांचा गोंगाट नाही. आणि पुढच्या पेडलांना त्याने सारखा जोर पुरवला पाहिजे, म्हणजे ओव्हरड्राइव्ह प्रत्येक सुराला सारखा चावतो.

वाह कंप्रेसरच्या मागे का, यावर दोन तट आहेत. बरेच जण वाह पहिला लावतात. चूक नाही. पण वाहची सगळी गंमत त्याच्या शेंड्यात आहे. पाय पुढे नेला की ठरावीक पट्टीतला आवाज टोकदार होऊन वर येतो. मागे कंप्रेसर असला की तो हे टोक बोथट करतो. मला टोक हवं असतं, म्हणून मी कंप्रेसर आधी ठेवतो. पायाचा वाह नसून आपोआप उघडझाप करणारा ऑटो-वाह असेल तर मात्र तो कंप्रेसरच्या आधीच हवा, त्यात मतभेदाला जागाच नाही. ऑटो-वाह तुमच्या हाताच्या जोरावर उघडतो. जोर आधीच सपाट करून दिला तर तो कशावर उघडेल?

हे जवळून बघायचं असेल तर पावरीचा आवाज काढून पाहा. शहादा-नंदुरबारकडच्या कार्यक्रमांत पावरीची धून मागतातच, आणि बहुतेक वेळा ती कीबोर्डवाला वाजवतो. गिटारवर काढायची तर पहिली अडचण अशी की पावरी फुंकवाद्य आहे. फुंक आहे तोवर सूर जिवंत राहतो. तार मात्र छेडली त्याच क्षणापासून मरायला लागते, आणि वर प्लेक्ट्रमचा ‘टक’ आवाज चुगली करतो. म्हणून मानेजवळचा पिकअप घ्या. कंप्रेसरचा सस्टेन घड्याळात दोन वाजता असतो तिथे न्या, आणि अटॅक असा ठेवा की टक आवाज जवळपास गिळला जाईल. बऱ्याच पेडलांवर अटॅकचा नॉब उजवीकडे नेला की ठोका जास्त सुटतो, काहींवर उलटं असतं, तेव्हा कान लावून ठरवा. मग वाह चालू करून पाय अर्ध्या वाटेवर थांबवा आणि हलवू नका. नाकातून निघाल्यासारखा तो सूर तिथेच मिळतो. त्यामागे ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह अर्ध्याच्या खाली. डिले बंद. सूर प्रत्येक वेळी छेडू नका, डाव्या हाताच्या बोटांनी ठोकून आणि ओढून काढा. कंप्रेसर सारखा जोर देतो, वाह त्याला नाकाडा करतो, ओव्हरड्राइव्ह त्याच्या कडा खरखरीत करतो. आता फक्त वाह कंप्रेसरच्या आधी नेऊन हीच धून वाजवा. नाकाडेपणा अर्धा निघून जातो. रांगेबद्दलचा वाद मिटवायला एवढी परीक्षा पुरे.

अटॅक आणि रिलीजबद्दल थोडं सांगतो, कारण याच्यावर लोक सगळ्यात जास्त अडखळतात. अटॅक म्हणजे सिग्नल पातळीच्या वर गेल्यावर कंप्रेसर किती वेळात पकडतो, आणि रिलीज म्हणजे खाली आल्यावर किती वेळात सोडतो. एक-दोन मिलिसेकंदात पकडणारा कंप्रेसर प्लेक्ट्रमचा ठोकाच खातो, आवाज मऊ आणि मागे गेलेला वाटतो. वीस-तीस मिलिसेकंद थांबणारा ठोका सोडून देतो आणि मागचा सूर धरतो. हळदीच्या उडत्या गाण्यात ऱ्हिदम मारताना हा ठोकाच हवा असतो, नाहीतर गिटार ऑक्टापॅडखाली गडप होते. रिलीज फार जलद ठेवला तर जाड तारेवर घोटाळा होतो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की तिची एक लहर पुरी व्हायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. कंप्रेसर त्याहून जलद पकड-सोड करू लागला तर तो सूर न दाबता प्रत्येक लहरीचाच आकार बिघडवतो, आणि स्वच्छ आवाजात घरघर येते. बास गिटारवाल्यांना हा त्रास दुप्पट, कारण त्यांची मोकळी ई तार एक सप्तक खाली असते आणि लहर २४ मिलिसेकंदांची होते.

नॉब कुठे ठेवायचे? सुरुवातीला सस्टेन दहा-अकरा वाजता. जाड तारेवर जोरात एक ठोका मारा, लगेच पहिल्या तारेवर हळू वाजवा. दोन्ही एकाच माणसाने वाजवल्यासारखे ऐकू आले पाहिजेत, पण जोराचा सूर जोराचा वाटलाच पाहिजे. दोन्ही तंतोतंत सारखे झाले तर सस्टेन जास्त झालाय, मागे घ्या. मग पेडल चालू-बंद करत लेव्हल असा ठेवा की चालू केल्यावर आवाज वाढल्यासारखा वाटणार नाही. हे न करणाऱ्यांना प्रत्येक कंप्रेसर ‘भारी’ वाटतो, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. मग कार्यक्रमात तीन पेडल एकदम चालू झाले की साउंडवाला गिटारचा फेडर खाली ओढतो आणि पुढून पोरं ओरडतात, ‘गिटार वाढव ना भो!’

कोरस, डिले यांच्या जागांवर वेळ घालवायची गरज नाही. कोरस डिस्टॉर्शनच्या मागे, डिले त्याच्या मागे, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) असला तर सगळ्यात शेवटी. डिस्टॉर्शनच्या आधी डिले लावला की पडसाद आणि नवा सूर एकत्र चिरडले जातात आणि लगदा होतो. फेझर (आवाज लहरता करणारा) तेवढा डिस्टॉर्शनच्या आधीही छान वाटतो, तो तुमच्या कानावर सोडतो.

व्हॉल्यूम पेडल घ्यायचा विचार असेल तर तो कंप्रेसरच्या आधी कधीच लावू नका. तुम्ही पायाने आवाज कमी कराल आणि कंप्रेसर परत उचलेल, दोघांची झटापट चालू राहील. डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर तो आवाज कमी करत नाही, घाण कमी करतो. कधीकधी तेही हवं असतं. डिस्टॉर्शनच्या मागे आणि डिलेच्या आधी लावला तर खरा व्हॉल्यूम म्हणून चालतो, आणि पाय मागे घेतला तरी डिलेचे पडसाद वाजत राहतात. माझी पसंती तीच जागा. घेताना रोध बघून घ्या. थेट गिटारच्या मागे लावायचा तर २५० किलोओहमचा, पेडलांच्या मागे लावायचा तर २५ किलोओहमचा. अडीचशेवाला पेडलांच्या मागे लावला तर पाय थोडासा हलताच आवाज एकदम उडी मारतो. पंचवीसवाला थेट गिटारला जोडला तर वरचा सगळा चमकदार आवाज मारून टाकतो.

कंप्रेसर पहिला लावा या नियमाला एक अपवाद आहे, आणि आपल्या हवेत तो नीट समजून घ्यावा लागतो. तो म्हणजे फझ (आवाज पार फाडून टाकणारं डिस्टॉर्शनच्या जातीचं पेडल), त्यातही जुन्या घडणीचा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला. १९६६ साली आलेल्या गोल डब्याच्या फझ फेससारखे फझ गिटारच्या पिकअपशी थेट जोडलेले असले तरच नीट वागतात. त्यांचा इनपुट रोध फार कमी असतो, पिकअप आणि फझ मिळून एकच सर्किट बनतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की आवाज स्वच्छ होतो, ती जादू त्यातलीच. मध्ये कंप्रेसर किंवा बफर (सिग्नलला पुढची लांबी ओढायला बळ देणारं सर्किट) आला की ती संपते आणि फझ कर्कश्श होतो. म्हणून असा फझ सगळ्यात पहिला, कंप्रेसर त्याच्या मागे, आणि फझ चालू असताना कंप्रेसर बंद. वायरलेस वापरत असाल तर त्याचा रिसीव्हरही बफरच आहे हे ध्यानात ठेवा. फझवाल्या गाण्यापुरती साधी केबल लावा.

आणि उन्हाळा. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापला की त्यातून गळणारा करंट वाढतो आणि सर्किटचा समतोल सरकतो. सारंगखेड्याच्या यात्रेत डिसेंबरच्या थंडीत गोड वाजणारा फझ मे महिन्यात भुसावळच्या मांडवात फुटका, तुटक वाजायला लागतो, सुराची शेपटी मध्येच छाटली जाते. हा पेडलाचा बिघाड नाही. ज्याला आपल्याकडच्या लग्नसराईत फझ वाजवायचाय त्याने सिलिकॉन ट्रान्झिस्टरवाला घ्यावा. आणि कुठलंही पेडलबोर्ड गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नये, एवढं तरी पाळा.

बफरचा विषय आलाच आहे तर पुरा करतो. केबल म्हणजे नुसती तार नव्हे. साधारण गिटार केबलमध्ये मीटरमागे शंभरएक पिकोफॅरड कपॅसिटन्स असतं. गिटारपासून बोर्डापर्यंत सहा मीटर, बोर्डापासून मिक्सरपर्यंत आणखी सहा मीटर, आणि सगळी पेडलं ट्रू-बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल नुसत्या तारेसारखा पुढे सोडणारी असतील, तर ती बंद असताना पिकअपला या पूर्ण बारा मीटरचं ओझं एकट्याने ओढावं लागतं. वरचा आवाज बोथट होतो. लोक मग डिस्टॉर्शनचा टोन वाढवत बसतात. बॉस कंपनीची बरीचशी पेडलं बंद असतानाही बफर म्हणून काम करतात. तुमचा कंप्रेसर त्या प्रकारचा असेल तर पहिला लावल्यावर पुढच्या लांबीची चिंता मिटते. बंद असताना वरचा आवाज कमी वाटतो का, हे गिटार थेट मिक्सरला लावून ताडून पाहा.

आता घूंबद्दल. कंप्रेसर योग्य जागी नेलात तरी मंडपात घूं राहील, कारण ती तो निर्माण करत नाही, फक्त दाखवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप तीच घूं उचलतात. लाइटच्या डिमरची कडकड त्याहून वाईट. गिटारवाल्याने बसायची जागा जराशी वळवून पाहावी, अर्ध्याहून जास्त घूं नुसती अंगाची दिशा बदलून जाते. त्यानंतर पेडलांचा ॲडॅप्टर. एकाच ॲडॅप्टरवरून साखळी करून सगळी पेडलं चालवत असाल आणि त्यात डिजिटल डिले असेल, तर त्या डिलेच्या आतल्या घड्याळाची बारीक शिट्टी वीजपुरवठ्यातूनच ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. तपासायची सोपी रीत: कंप्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लावा. शिट्टी गेली तर दोष पुरवठ्याचा. मग प्रत्येक पेडलाला वेगळी, आयसोलेटेड लाइन देणारा पुरवठा घ्या. नवीन पेडल घेण्याआधी तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट जिवाची. लॉन्सवर, मळ्यात जनरेटरवर कार्यक्रम असतो, दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड आणि अर्थिंगचा पत्ता नाही. तारांना हात असताना माइकला ओठ लागला आणि झिणझिणी आली, तर गाणं तिथेच थांबवा आणि आधी अर्थिंग बघायला लावा. घूं घालवायला प्लगची अर्थची पिन कापणारे महाभाग आपल्याकडे आहेत. तसं कुणाला करू देऊ नका. मिक्सरकडे जाणाऱ्या डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीवर) ग्राउंड-लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलचा ग्राउंड तोडतं, विजेचा नाही. घूंसाठी तेच वापरायचं.

तरीही डिस्टॉर्शनची हिस खटकत असेल तर नॉइज गेट (हात थांबला की आवाज बंद करणारं पेडल) घ्या, पण त्यालाही जागा आहे. चार जॅकवाला गेट मिळतो, बॉसचा एनएस-२ त्यातला. गिटार त्याच्या इनपुटला, सेंडमधून कंप्रेसर, मग वाह, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, आणि डिस्टॉर्शनमधून परत रिटर्नला. आउटपुटमधून पुढे कोरस-डिले. असं केलं की गेट कोरी गिटार ऐकून ठरवतो आणि दरवाजा मात्र गोंगाटाचा बंद करतो. कंप्रेसरने उचललेला गोंगाट ऐकून तो फसत नाही. डिलेच्या मागे गेट लावू नका, पडसादांचा गळा चिरला जाईल.

थेट मिक्सरला जाता म्हणून आणखी एक. गिटारचा स्पीकर पाचेक किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा देत नाही, आणि डिस्टॉर्शनची फर्रर्र नेमकी त्याच्या वर असते. अँप नसेल तर ती फर्रर्र पीएच्या (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांच्या) ट्वीटरमधून जशीच्या तशी बाहेर येते. बोर्डाच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरसारखा आवाज करून देणारा) हवा. तो डिलेच्या आधी की मागे यावर वेळ दवडू नका. साध्या मोनो डिलेबरोबर दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो. डिस्टॉर्शनच्या मागे असला म्हणजे झालं.

अकूस्टिक गिटार पिएझो (लाकडाचं कंपन टिपणाऱ्या) पिकअपने वाजवणाऱ्यांनी, भजनाला बसणाऱ्यांनी विशेषतः, कंप्रेसरच्या आधी इक्वलायझर ठेवून खालचा आवाज छाटावा. हात गिटारच्या अंगावर आपटला की ‘धप’ होतो, त्या धपाच्या जोरावर कंप्रेसर तारांचाही आवाज दाबून टाकतो. आधी धप काढा, मग दाबा.

कंप्रेसर शेवटी लावणं कायमच चूक, असंही नाही. रेकॉर्डिंगमध्ये सगळं वाजवून झाल्यावर थोडासा दाब देतात, दीडास एक किंवा दोनास एक, एवढाच. तिथे खोली शांत असते आणि नको तिथे हिस कापता येते. ज्यांनी तुम्हाला ‘शेवटी लाव’ सांगितलं त्यांनी बहुधा स्टुडिओत पाहिलेलं सांगितलं असावं. स्टेजवर शेवटचा कंप्रेसर साउंडवाल्याकडे आधीच असतो. हल्लीच्या डिजिटल मिक्सरच्या प्रत्येक चॅनलवर तो असतो, आणि पीएच्या आधी लिमिटरही असतो. म्हणून साउंडचेकला नमस्कार-चमत्कार झाले की पहिली विनंती ही करा: गिटारच्या चॅनलचा कंप्रेसर बंद ठेवा. नाहीतर तुम्ही रांग कितीही नीट लावा, सोलोचे सहा डेसिबल तिकडे पुन्हा दीड होतील. आणि सोलोसाठी ओव्हरड्राइव्हपेक्षा डिस्टॉर्शनच्या मागे एक साधा बूस्ट (फक्त आवाज वाढवणारं पेडल) ठेवा. डिस्टॉर्शनच्या आधी दिलेला जोर घाण वाढवतो, आवाज नाही.

राहिला प्रोसेसर. वजन कमी, जोडाजोड नाही, लाइट गेली-आली तरी एकच ॲडॅप्टर. रोज रात्री वेगळ्या गावाला जाणाऱ्याला तो सोयीचा आहे, यात वाद नाही. पण घेण्याआधी एका वेळी किती इफेक्ट चालतात ते बघा. झूम कंपनीच्या जी१ फोर प्रोसेसरवर एका वेळी पाचच चालतात. तुमची सहा पेडलं, वर अँप आणि कॅबिनेट, म्हणजे ती यादी त्यात मावत नाही, काहीतरी गाळावं लागेल. रांगेचे नियम तिथेही हेच. कंपनीने भरून दिलेले पॅच (तयार सेटिंग) दुकानात छान वाटावेत म्हणून बनवलेले असतात, कंप्रेसर आणि रिव्हर्ब दोन्ही सढळ हाताने टाकलेले. ते कोरे करून आपली रांग स्वतः बांधा. क्लीन, ऱ्हिदम आणि सोलो या तीन पॅचची पातळी हेडफोनवर जुळवू नका, मिक्सरच्या मीटरकडे बघून, पूर्ण बँड वाजत असताना जुळवा. आणि आहे तो कंप्रेसर विकू नका. गिटार आणि प्रोसेसरच्या मध्ये लावला की आतला एक कप्पा रिकामा राहतो, तो डिलेला देता येईल.